औशाचा तोफगोळा म्हणून घेतला, वर इंग्रजी अक्षरं निघाली. हे काय असंल?

जिंतूरकर:
मंडळी, घोळ झालाय. मागच्या महिन्यात ऑनलाईन लिलावात रात्री साडेअकराला जोशात येऊन २,८०० रुपयांना एक लोखंडी गोळा घेतला. वर्णन होतं, 'औसा किल्ल्यातला तोफगोळा, दुर्मिळ'. फोटो अंधारात काढलेला, अन् मला घाई. पार्सल फोडल्यावर बायको म्हणली, "ह्याच्यानं काय मसाला वाटायचा का?"

घासलेटच्या बोळ्यानं गंज काढला तर ठोकलेली इंग्रजी अक्षरं दिसली. पी, ए, यू, मग आडवी रेघ. पुढचं झिजलंय, शेवटी 'एल' असावा असं वाटायलंय. खाली १७ आकडा. टेनिसच्या चेंडूएवढा, चुंबक पक्का चिकटतो. विकणारा म्हणतो, इंग्रजांनी मागून नंबर टाकला असंल. कुणाला ओळखू यायलंय का?

गडफिरस्ता:
तोफगोळा नाही. उडवून द्यायच्या गोळ्यावर सतरावा नंबर कोण कोरत बसंल? किल्ल्यांच्या नावावर लोक काहीही खपवतात. परंड्याची मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला गेली, तरी 'तिचेच गोळे' म्हणून मला दोनदा जात्याचे दगड दाखवलेत.

वर्कशॉपवाला:
सिमेंट कारखान्यात बॉल मिलमधी, म्हणजे दळायच्या फिरत्या पिंपात, असले गोळे असतात. पण त्याच्यावर अक्षरं नसतात. मला काही उमजंना.

पूर्णेचा रिटायर:
अहो जिंतूरकर, हा आमचा गोळा आहे! पी ए यू म्हणजे पूर्णा जंक्शन. शेवटी एल असंल तर मिरखेल धरा, परभणीकडचं पुढचं स्टेशन. १७ हा त्या गोळ्याचा नंबर. कागदावर नाव 'नील्स बॉल टोकन', पण गोळा सोडून दुसरं काही म्हणलेलं मी ऐकलं नाही.

लाईन एकेरी. दोन्ही स्टेशनांत एकेक मशीन, मधी तारेनं जोडलेलं. पुढच्या मास्तरनं घंटी देऊन परवानगी दिली की आपल्या मशीनमधून एकच गोळा सुटायचा. तो दोन्हीपैकी एका मशीनमधी परत पडल्याशिवाय दुसरा निघतच नव्हता. म्हणजे दोन गाड्या समोरासमोर सोडायच्या म्हणलं तरी गोळा एकच. ड्रायव्हरनं गोळा हातात आल्यावर आधी स्टेशनांची नावं वाचायची, मगच गाडी हलवायची.

वेताच्या मोठ्या कडीला चामड्याची पिशवी, पिशवीत गोळा. न थांबणारी गाडी असली की पॉइंट्समन कडी उंच धरून उभा, रात्री मशाल पेटवून. इंजिनवरचा फायरमन हात घालून कडी उचलायचा अन् मागच्या सेक्शनची (मागच्या दोन स्टेशनांमधल्या टप्प्याची) खाली फेकायचा. दंडावर वळ उठायचे. एकदा फेकलेली कडी सापडली पण गोळा पिशवीतून निसटून बाजूच्या ज्वारीत गेला. मशीन बंद. गाड्या कागदी लाईन क्लिअरवर, म्हणजे गोळ्याऐवजी लेखी परवानगीवर, काढल्या अन् आम्ही सहाजण कंदील घेऊन रात्रभर ताटं चाचपत होतो. पहाटे सापडला तो रानमालकाच्या कुत्र्याजवळ. कुत्रं देईना!

मीटरगेज गेलं तशी ही मशीनं निघाली. अकोल्याकडं ब्रॉडगेज २००८ ला झालं.

जिंतूरकर:
काका, अंगावर काटा आला. आता हा घरात ठेवायचा का देऊन टाकायचा?

पूर्णेचा रिटायर:
आधी विकणाऱ्याकडं भंगार लिलावाची पावती माग. रेल्वेचं सामान विनापावती घरात सापडलं तर १९६६ च्या कायद्यानं आपल्यालाच सांगावं लागतं की ते कुठून आलं. तुझा ऑर्डरचा मेसेज, पैसे दिल्याचा पुरावा, सगळं जपून ठेव. पावती नाहीच म्हणला तर आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) ठाण्यात जाऊन आपणहून सांग. अन् घासलेट बास कर आता, तो नंबर पुसून जाईल.

जिंतूरकर:
मेसेज टाकलाय. तो म्हणायलाय, तोफेची पावती नसते.