ओढ्याच्या सफाईसाठी कचऱ्याच्या पिशव्या

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,

वसुंधरा दिनाच्या शनिवारी आपण पार्कमागच्या ओढ्याची सफाई करणार आहोत. गेल्या वर्षी आणलेल्या पिशव्या काटेरी झुडपांत भराभर फाटल्या आणि वेचलेला कचरा परत वेचावा लागला. यंदा खजिनदारांना ५५ गॅलनच्या पिशव्यांचा मोठा खोका स्वस्तात मिळतोय. घ्यायचा का? जाणकारांनी लवकर कळवा, रविवारपर्यंत ऑर्डर द्यायची आहे.

---

सचिवताई, नमस्कार.

मी इमारतींच्या देखभालीच्या कामात आहे, त्यामुळे या पिशव्या रोज हाताखालून जातात. तो खोका घेऊ नका. गॅलनवरून पिशवीत किती मावेल ते कळतं, ती किती वजन सोसेल ते नाही. 'हेवी ड्यूटी' या शब्दांवरही जाऊ नका, ते कुठल्याही पिशवीवर छापता येतात.

बघायची ती जाडी. इथे अमेरिकेत ती मिलमध्ये लिहितात. १ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. भारतात २०१६च्या नियमांत कॅरीबॅगसाठी जी किमान ५० मायक्रॉन जाडी ठरली होती, ती जेमतेम २ मिल. स्वयंपाकघरातली १३ गॅलनची पिशवी बहुधा १ मिलच्याही आत असते. बांधकामवाले वापरतात ती कॉन्ट्रॅक्टर बॅग ३ मिलची, म्हणजे ७६ मायक्रॉन. ओढ्याकाठी काटे, फुटक्या बाटल्या, तारांचे तुकडे असतात. तिथे २ मिलच्या खाली उतरूच नये.

जाडीइतकंच प्लास्टिकही महत्त्वाचं. हातात घेतल्यावर कुरकुर आवाज करते, पातळ पण ताठ वाटते, ती हाय डेन्सिटी पॉलिथिनची. ऑफिसातल्या कागदांना ती चालते, पण एकदा भोक पडलं की चीर सरळ खालपर्यंत जाते. आपल्याला हवी लिनियर लो डेन्सिटी, म्हणजे ताणलं जाणारं लवचिक पॉलिथिन. दुकानात नमुना मिळाला तर अंगठा दाबून बघा. ही पिशवी आधी ताणली जाते, पांढुरकी पडते आणि मग कुठे फाटते. टोकदार फांदी लागली तरी ती थोडी सैल देते, आणि तेच आपल्या कामाचं आहे.

बूडही उलटून बघा. सरळ शिवणीच्या पिशवीचे दोन कोपरे आधी गळतात. घड्या घालून एका जागी बंद केलेलं बूड, ज्याला स्टार सील म्हणतात, ते ओला कचरा चांगला धरतं. तोंडाला नाडी असायलाच हवी असं नाही. भरलेली पिशवी नाडीला धरून उचलली की पहिली नाडीच तुटते.

मापाचं म्हणाल तर ३० ते ३३ गॅलन पुरे. ४२ गॅलन म्हणजे जवळजवळ १६० लिटर. त्यात ओली पानं आणि चिखल भरला तर दोघांनाही ती चढावर ओढवत नाही. आपल्याकडे शाळकरी मुलं आणि सत्तरीचे आजोबा एकत्र येतात, त्यांच्या पाठीचा विचार आधी. लहान पिशवी, तीही दोन तृतीयांशच भरायची.

---

दादा, माहिती फार उपयोगाची आहे, पण मला एक खटकतं. न्यू जर्सीत ४ मे २०२२ पासून दुकानांतल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅग बंद झाल्या आणि आपण प्लास्टिक वेचायला नवं जाड प्लास्टिक विकत घेणार. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या का नकोत? आणि प्रत्येकाच्या घरी वीस पौंडी बासमतीच्या रिकाम्या पिशव्या पडून आहेत. विणलेल्या, हँडल असलेल्या. त्या का वापरू नयेत?

---

ताई, बासमतीची पिशवी अगदी जरूर आणा. काचेला ती माझ्या ३ मिलपेक्षा सरस आहे, तोंड उघडं राहतं आणि दुसऱ्या हाताने धरून बसावं लागत नाही. त्यात गोळा करायचं, मोठ्या पिशवीत रिकामं करायचं, परत भरायला जायचं. असं केलं तर निम्म्या पिशव्या वाचतील असं मला वाटतं. बारीक तुकड्यांना आणि बाटल्यांच्या झाकणांना पाच गॅलनची बादली बरी.

कंपोस्टच्या पिशव्यांना मात्र माझा विरोध आहे. त्या कुजायला औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते, आणि आपला मिश्र कचरा तिथे कोणी घेणार नाही. शिवाय ओलाव्यात त्या लवकर मऊ पडतात.

एक गोष्ट कृपया सगळ्या पालकांपर्यंत पोचवा. सुई दिसली तर ती कुठल्याच पिशवीत जाणार नाही, पिशवी कितीही जाड असो. मुलांनी हात न लावता मोठ्यांना हाक मारायची. मोठ्यांनी चिमट्याने उचलून डिटर्जंटच्या जाड बाटलीत टाकायची, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली वेगळी ठेवायची.

---

प्रेषक: सचिव

दादा, ताई, मनापासून आभार. ५५ गॅलनचा खोका रद्द. ३३ गॅलन, २ मिल, लिनियर लो डेन्सिटी, स्टार सील अशी ऑर्डर ठरली. काचेसाठी आणि लोखंडासाठी ३ मिलचा एक छोटा रोल.

मात्र पैसे भरण्याआधी मी टाउनशिपच्या क्लीन कम्युनिटीज (राज्याचा कचरा-सफाई कार्यक्रम) समन्वयकांना फोन करते. राज्याच्या कायद्यानुसार या कामासाठी कचरा होणारा माल विकणाऱ्या कंपन्यांकडून शुल्क घेतलं जातं आणि त्यातून गावांना निधी मिळतो. बरीच गावं त्यातून स्वयंसेवकांना पिशव्या आणि हातमोजे देतात. त्या चांगल्या निघाल्या तर आपले पैसे वाचतील. भरलेल्या पिशव्या कुठे ठेवायच्या आणि डबे-बाटल्या वेगळ्या घेतात का, तेही विचारते. घेत असतील तर त्यांच्यासाठी पारदर्शक पिशव्या लागतील, कारण काळ्या पिशवीत काय आहे ते उचलणाऱ्याला दिसत नाही.

घरातल्या बासमतीच्या पिशव्या, बादल्या, लांब चिमटे आणि जाड हातमोजे कोण कोण आणतंय ते याच मेलला उत्तर देऊन कळवा.