फिलिस, ॲरिस्टॉटल आणि लगाम: सत्ता नेमकी कुणाची?

रेघोटी:
जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंग ग्रीनचं १५१३ सालचं चित्र आहे, लाकडी ठशावरून छापलेलं. बागेत म्हातारा ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल उघडाच रांगतोय, तोंडात लगाम. पाठीवर विवस्त्र फिलिस, डोक्यावर तेवढी टोपी, हातात चाबूक. भिंतीवरून एकजण वाकून बघतोय. कथा अशी: अलेक्झांडर फिलिसच्या नादी लागला म्हणून गुरूने, म्हणजे ॲरिस्टॉटलने, त्याचे कान उपटले. तिने गुरूलाच भुरळ घातली आणि 'आधी माझा घोडा हो' अशी अट घातली.

लोक याला 'स्त्रीसत्तेचं चित्र' म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. कथेच्या शेवटी गुरू शिष्याला म्हणतो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची ही गत, तर तुझ्यासारख्या तरुणाचं काय होईल? म्हणजे रांगूनही शहाणा तोच, आणि फिलिस नुसती धोक्याची पाटी.

भालदार:
साफ असहमत. 'पुरुष स्वभावतःच राज्य करणारा, स्त्री त्याच्या राज्याखाली राहणारी' असं 'पॉलिटिक्स' या ग्रंथात लिहिणारा हाच ना? नेमक्या त्याच्याच तोंडात लगाम! प्राचीन ग्रीक साहित्यात ही कथा नाही. ती पसरली तेराव्या शतकात, ॲरिस्टॉटलचा दबदबा वाढत होता तेव्हा. १२१० मध्ये पॅरिसात त्याचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला बंदी होती. टोला पंडितीला आहे, बाईला नाही.

रेघोटी:
पण टोला हाणणारे कोण? ज्याक द व्हित्रीसारखे धर्मोपदेशक, तेही प्रवचनातून. बायबलमधल्या दलीलेने बलाढ्य सॅमसनचे केस कापवले, एकीने रोमन कवी व्हर्जिलला टोपलीत लटकवत ठेवलं, याच माळेत फिलिस. शिवाय याच बाल्डुंगने १५१० मध्ये चेटकिणींचं छापचित्र काढलं. तिथेही विवस्त्र बायका आणि त्यांच्या ताकदीची धास्ती.

शाईवाली:
दोघंही कथेवरच भांडताय, जरा चित्रंही बघा की. लिओनार्दोनेही हा प्रसंग शाईने रेखाटलाय, हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहे. तिथे बाग नाही, मागे पलंग आहे. त्यामुळे मला ते उपदेशापेक्षा दोन माणसांमधलं खासगी प्रकरण वाटतं. बाल्डुंगच्या चित्रात मात्र चोरून बघणारा आहे, म्हणजे फजिती चव्हाट्यावर. दोघांना एकच अर्थ कसा लावणार?

भालदार:
शाईवालीशी सहमत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच जोडीचं पितळी-काशाचं जलपात्र आहे, जेवताना हात धुवायला पाणी ओतण्यासाठी केलेलं. फिलिस एका हाताने त्याचे केस ओढतेय, दुसरा हात त्याच्या ढुंगणावर. पंगतीत बायकाही असणार. त्यांनी यातून पुरुषांना दिलेली ताकीदच तेवढी घेतली असेल?

रेघोटी:
हसल्या असतील, ते नाकारत नाही. पण पंगत उठल्यावर घरात कारभार कुणाचा होता? चित्रातला चाबूक त्यांच्या हातात एक दिवस तरी आला का, मला एवढंच विचारायचंय.