घरात चटणीचा डंक टाकायचाय, परवाने कोणते लागतील?

मंगळवारपेठकर:
नमस्कार मंडळी. आमच्या घराच्या खालच्या खोलीत आई आणि वहिनी चटणीचा डंक, म्हणजे मोटारीवर मिरची कुटायचं मुसळांचं यंत्र, टाकायचं म्हणताहेत. घरचीच माणसं, मदतीला एक बाई. एजंट म्हणतोय, शॉप ॲक्ट काढला की झालं. खरं का? मार्चच्या आत सुरू नाही झालं तर हंगाम हुकणार.

रंकाळा_कट्टा:
शॉप ॲक्टला एजंट कशाला? २०१७ च्या कायद्यात एवढ्या लहान धंद्याला नोंदणीच नाही, ऑनलाइन नुसती सूचना द्यायची. मोबाइलवर होतं. पाटी तेवढी मराठीत लावा.

डंकवाली_मावशी:
बाळ, ती सूचना जाते कामगार खात्याकडे. महापालिकेचं वेगळंच असतंय. मोटारीवर चालणारं यंत्र बसवायचं तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३१३ प्रमाणे आयुक्तांची परवानगी लागते. शेजाऱ्यापाजाऱ्याला त्रास होईल अशा धंद्याला ३७६ चा परवाना. तुमचा त्यात बसतो का ते परवाना विभागात विचारून घे. जाताना घरफाळ्याची पावती ने, थकबाकी असली तर आधी भर.

कागदाचं होतंय रे, खकाण्याचं, म्हणजे मिरचीच्या तिखट धुळीचं, काय ते बोल. वाळलेली संकेश्वरी मिरची डंकात पडली की खकाणा जिन्यानं थेट वरच्या मजल्यावर. पेठेत भिंतीला भिंत, शेजारची म्हातारी खोकायला लागली की तक्रारीचा अर्ज गेलाच समज. मुसळं पडताना फरशीही हादरते. म्हणून पाया पक्का कर, धूळ ओढणारा पंखा बसव, त्याचं तोंड बोळाकडे नको.

घरच्या मीटरवर मोटार अजिबात लावू नको. महावितरणकडे मसाला गिरणी औद्योगिक दरात बसते, दुकानाच्या व्यापारी दरात नाही. अर्जात तसंच लिही. हे एजंट कधी सांगत नाहीत.

मंगळवारपेठकर:
मावशी, लई उपकार. वहिनीला पाव किलोची पाकिटंही विकायचीत.

डंकवाली_मावशी:
मग अन्न सुरक्षेची नोंदणी आधी कर, १४ अंकी नंबर पाकिटावर छापावा लागतो. नुसती कुटून दिलीस तरी नोंदणी काढच. आणि इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा, गिऱ्हाईक आधी काट्याकडंच बघतंय.

रंकाळा_कट्टा:
पत्ता टाका की, आमची ब्याडगी-संकेश्वरी घेऊन येतो.