स्लो जिन: फळे केव्हा खुडावीत, साखर केव्हा घालावी?

प्रश्न:
इंग्लंडमध्ये आमच्या गावाबाहेरच्या कुंपणांत ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपांना निळसर काळी स्लो फळे लगडली आहेत आणि ती जिनमध्ये मुरवण्याचा विचार आहे. पहिले दव गोठल्याशिवाय ती खुडू नयेत, असे इथले जुने लोक सांगतात. पण तोवर पक्षी काही शिल्लक ठेवतील असे वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1:
दव गोठण्याची वाट पाहू नका. थंडीने साल फाटून रस सुटावा, एवढाच त्यामागचा हेतू असून फळे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्यानेही तेच साधते. दाबल्यावर फळ किंचित मऊ लागले, की खुडावे. 70 सेंटिलिटर जिनला साधारण 450 ग्रॅम फळे पुरतात. घट्ट झाकणाची काचेची बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी, पहिला आठवडा रोज हलवावी आणि तीनेक महिन्यांनी जिन गडद लाल झाली, की मलमलीतून गाळावी.

प्रतिसाद 2:
बहुतेक कृतींत साखर सुरुवातीलाच घालतात, परंतु स्लो कमालीची तुरट असते आणि प्रत्येक झुडपाची चव निराळी, म्हणून जिन गाळून, चाखून मगच साखरेचा पाक थोडा थोडा मिसळणे मला अधिक योग्य वाटते.

प्रतिसाद 3:
बिया काढू नका. त्यांतूनच बदामाचा मंद गंध उतरतो. मात्र खुडताना जाड हातमोजे अवश्य घाला, कारण ब्लॅकथॉर्नचा काटा त्वचेत मोडून राहिला, तर जखम चिघळते आणि बरेच दिवस ठणकत राहते.