नाशिकरोड ते सातपूर रोजच्या फेरीसाठी जुनी इलेक्ट्रिक बाइक: नवशिक्याने काय तपासावं?

बिटको_चौक

नमस्कार. बिटको ते सातपूर एमआयडीसी, एका बाजूने साधारण 15 किमी, आठवड्याचे सहा दिवस. नुकतंच लर्निंग लायसन्स काढलंय, विनागिअर प्रकारातलं. स्कूटर नको, मोटारसायकलच्या धाटणीची इलेक्ट्रिक बाइक हवी आहे. एक पाहिली आहे: तीन वर्षं जुनी, 21,000 किमी, 72 व्होल्टची 3.24 किलोवॉट-तासाची बॅटरी, पॅक काढून वर नेता येतो. मालक म्हणतात बॅटरी एकदम चांगली आहे, पण हे मोजून कसं पाहायचं? आरसीवर अजून बँकेचं नाव दिसतंय. मी दुसऱ्या मजल्यावर राहते आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये पॉइंट नाही. नवशिक्या माणसाने अशी गाडी घ्यावी का, आणि घ्यायची तर काय काय बघावं?

अंबडचा_वायरमन

ताई, आधी बॅटरी. जुन्या ईव्हीत तुम्ही पैसे मुख्यतः तिचेच मोजता, त्यामुळे निम्मा वेळ तिच्यावर घाला.

स्क्रीनवर 100 टक्के दिसले म्हणजे पॅक ठणठणीत, असं नाही. ते टक्के "आज जेवढी क्षमता उरली आहे तिच्यापैकी" असतात. खरी क्षमता मोजायची तर इलेक्ट्रिकलच्या दुकानातून 16 अँपिअरचा प्लग-इन युनिट मीटर आणा. मालकांना गाडी 20 टक्क्यांपर्यंत उतरवून ठेवायला सांगा. मग चार्जर त्या मीटरमधून लावायचा आणि 100 होईपर्यंत किती युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) गेले ते लिहायचं. चार्जरमध्ये 10 ते 15 टक्के वीज उष्णतेत जाते, म्हणून आलेला आकडा 0.88 ने गुणा, आणि 20 ते 100 म्हणजे 80 टक्केच भरले म्हणून 0.8 ने भागा.

तुमच्या पॅकला नवा असताना 2.9 ते 3 युनिट लागले असते. समजा 2.3 लागले, तर 2.3 × 0.88 ÷ 0.8 म्हणजे 2.53. ती मूळच्या 3.24 च्या 78 टक्के झाली. यात चार-पाच टक्के इकडेतिकडे होणार, पण 78 आणि 92 मधला फरक नक्की कळतो. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत 70 टक्के ही हद्द असते. त्याच्या जवळ आलेला पॅक घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

हा आकडा तुमच्या रस्त्यावर बसवून बघू. समजा पॅक 85 टक्के उरलाय, म्हणजे 2.75. त्यातला 80 टक्केच रोज वापरायचा असं धरलं तर 2.2. शहरात नॉर्मल मोडला किलोमीटरमागे 35 ते 40 वॉट-तास जातात. 38 धरले तर 58 किमी. तुमची रोजची फेरी 30, बाजारहाट धरून 36. पावसाळ्यात आणि थंडीत 10-15 टक्के कमी धरा, तरी पुरते.

21,000 किमीला घाबरू नका. तीन वर्षांत रोज 19-20 किमी, म्हणजे गाडी नियमित चालली आहे. एका पूर्ण चार्जला 75 किमी धरले तर 280 फेऱ्या झाल्या, आणि चांगला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलचा) पॅक त्याच्या दुप्पट-तिप्पट फेऱ्या सहज करतो. तीन वर्षांत 4,000 किमी चाललेली गाडी मला जास्त संशयास्पद वाटते. महिनोन्महिने शून्यावर पडून राहिलेले सेल कायमचे मरतात. मीटरचा आकडा खरा वाटतो का, हे टायरवरून ताडा: बाजूला चार आकडे असतात, 2322 म्हणजे 2022 चा 23 वा आठवडा. मूळच्या टायरवर 21,000 झाले असतील तर झीज दिसायलाच हवी.

दुसरी चाचणी चढावर. चार्ज 30 च्या खाली असताना मालकांना चालवायला सांगा, तुम्ही मागे बसा, आणि पांडवलेणीकडचा किंवा एखाद्या उड्डाणपुलाचा चढ पूर्ण रेस देऊन चढवा. टक्के एकदम 28 वरून 15 वर पडले किंवा मोटर क्षणभर सुटली, तर एखादा सेलगट कमजोर आहे. भार आला की त्याचा व्होल्टेज बसतो आणि बीएमएस, म्हणजे पॅक सांभाळणारं सर्किट, वीज तोडते. सपाट कॉलेज रोडवर हे कधीच दिसणार नाही.

शेवटचं, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पॅकचा रिपोर्ट मागा. पूर्ण चार्ज करून तासभर थांबल्यावर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक 20-30 मिलिव्होल्ट असेल तर उत्तम, 100 च्या पुढे गेला तर सोडा. एलएफपी (लोह-फॉस्फेट सेलचा) पॅक असेल तर मात्र भरत आल्यावर हा फरक एरवीही मोठा दिसतो, तिथे निम्म्या चार्जवरचं वाचन विचारा.

पेठ_रोड

कागदांचं मी लिहितो.

बँकेचं नाव आरसीवर आहे तोवर इसार सुद्धा देऊ नका. कर्ज फिटलं असेल तर मालकाकडे बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीचा फॉर्म 35 असतो. तो आरटीओत देऊन बोजा उतरवला की मग फॉर्म 29 आणि 30 वर विक्री. 29 विकणाऱ्याने राज्याच्या आत 14 दिवसांत, 30 घेणाऱ्याने 30 दिवसांत. अर्ज परिवहनच्या पोर्टलवरून भरता येतो. गाडी एमएच 15 ची असेल तर आपल्या पेठ रोडच्या कार्यालयात काम होतं, दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते. सही केलेले कोरे फॉर्म घेऊन "नंतर नावावर करून घ्या" म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. बाकी चलानंही ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा.

गाडीवरचा चेसिस नंबर आणि मोटर नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. आरसीवर इंधनाच्या जागी इलेक्ट्रिक लिहिलेलं असतं, नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी. पीयूसी लागत नाही. निर्मितीचा महिनाही वाचा. गाड्यांना आगी लागल्यानंतर बॅटरीसाठीचं एआयएस 156 मानक कडक झालं, ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. एप्रिल 2023 नंतर बनलेली गाडी मिळत असेल तर दोन-तीन हजार जास्त देऊनही तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जी गोष्ट पेट्रोलच्या गाडीत नसते ती. एक, बॅटरी मालकाच्या मालकीची आहे का? काही गाड्या बॅटरी भाड्याने किंवा मासिक वर्गणीवर विकल्या गेल्या. मूळ बिल मागा आणि पॅकवरचा सिरियल नंबर वॉरंटीच्या कागदाशी जुळवा. काढता येणारा पॅक बदललेलाही असू शकतो. दोन, अॅप. गाडी मालकाच्या मोबाइल नंबरला जोडलेली असते. कंपनीकडून ते खातं तुमच्या नावावर झालं नाही तर गाडीचं ठिकाण त्यांना दिसत राहील आणि वॉरंटीही अडेल. हे काम पैसे देण्याच्या दिवशी, समोरासमोर करून घ्या. वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या.

विमा: गाडी तुमची झाल्यापासून 14 दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो. आणि किंमत ठरवताना त्यांनी केवढ्याला घेतली ते विचारू नका, आज नवी केवढ्याला मिळते ते बघा. केंद्राचं अनुदान जून 2023 मध्ये किलोवॉट-तासाला 15,000 वरून 10,000 वर आलं, नंतर योजनाच बदलली, त्यामुळे जुन्या बिलांचा आजच्या भावाशी मेळ बसत नाही.

लायसन्सचंही एक. विनागिअर प्रकार या गाडीला चालतो, कारण क्लच-गिअर नाही. मॅटर एरासारखी गिअरची इलेक्ट्रिक बाइक घेतलीत तर गिअरचं लायसन्स लागेल. लर्निंग सहा महिने चालतं, 30 दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. तोवर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावायचाच, आणि मागे बसवायचं तर फक्त शिकवणाऱ्या, पक्कं लायसन्स असलेल्या माणसाला. मैत्रिणीला स्टेशनवर सोडणं यात बसत नाही. अपघात झाला तर विम्यावाले आधी हेच विचारतात.

बाजारात कोणी "25 च्या आतली आहे, लायसन्स-आरसी काही नको" म्हणून गाडी दाखवली आणि ती 45 ने पळाली, तर हात लावू नका. सूट फक्त 250 वॉटच्या खालच्या मोटरला आणि ताशी 25 च्या आतल्या वेगाला आहे. वायर तोडून वेग मोकळा केलेली गाडी म्हणजे विनानोंदणी गाडी.

रेस_हळू

गाडी अंगाला बसते का, हे कोणी लिहिलं नाही. सीटवर बसून दोन्ही टाचा नाही तरी दोन्ही चवडे पूर्ण टेकले पाहिजेत. बंद गाडी मागे ढकलून पार्किंगमधून काढून बघा, मेन स्टँडला लावून बघा. हे जमलं तर वजन तुम्हाला झेपेल.

इलेक्ट्रिकमध्ये नवशिक्याची चूक ठरलेली असते. इंजिनचा आवाज नाही, त्यामुळे गाडी चालू आहे हे लक्षात राहत नाही, आणि ढकलताना उजवा हात रेसवर वळतो. मोटर शून्यापासून पूर्ण ताकद देते, गाडी पुढच्या भिंतीवर जाते. उतरण्याआधी किल स्विच (मोटर तोडणारं हँडलवरचं बटण) बंद, ढकलताना डावा हात हँडलवर आणि उजवा सीटमागच्या कडीवर, ही सवय पहिल्याच दिवशी लावा. साइड स्टँड खाली असताना मोटर बंद राहते का तेही तपासा. तो सेन्सर काढून टाकलेला असेल तर परत बसवायला लावा.

पहिले दोन आठवडे इको मोड. तपोवनाकडे सकाळी सहाला मोकळा रस्ता बघून हळू वळण आणि आठचा आकडा घोटवा: हलकी रेस कायम, वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. रेस सोडल्यावर गाडी किती अडते ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं. पॅक पूर्ण भरलेला असताना ते अडणं कमी होतं, म्हणून घरातून निघाल्यावर पहिला उतार जपून. द्वारका चौक सकाळी नऊला पहिल्या महिन्यात टाळा. ट्रकवाल्याला तुमचा आवाज येत नाही, त्याच्या डाव्या कुशीत शिरू नका.

यंत्राचं थोडक्यात. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडकलं तर बॉल रेसर (हँडलचे बेअरिंग) गेले. मागचं चाक आडवं हलवून बघा. बेल्ट असेल तर दातांच्या मुळाशी चिरा आणि कडेचे सुटलेले धागे, चेन असेल तर ढिलाई. हब मोटर (चाकातच बसवलेली) असेल तर वायर जिथे एक्सलमधून आत जाते तिथली सील. सीट आणि साइड कव्हर काढून कनेक्टर उघडा, हिरवट बुरशी किंवा चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. सराफ बाजार, भांडी बाजार, नंदिनीकाठ अशा पूर येणाऱ्या भागातली गाडी असेल तर हे करायचंच. चार्जिंग पोर्टची पिन काळी किंवा वितळलेली असली तर पोर्ट आणि चार्जर दोन्हीचा खर्च धरा.

बिटको_चौक

खूप आभार. चवडे टेकतात, गाडी ढकलता येते. मालक बँकेची एनओसी आणायला तयार आहेत, आणि रविवारी 20 टक्क्यांवर गाडी ठेवणार आहेत. दोन शंका. पॅक घरात आणून चार्ज केला तर चालेल का? आणि माझ्याकडे मल्टिमीटर आहे, त्याने पॅकच्या पिनांवर व्होल्टेज बघू का?

अंबडचा_वायरमन

घरात चालेल, पण जागा बघून. दाराच्या वाटेत, जिन्यात, पलंगाजवळ नको. काही झालं तर तुमची बाहेर पडायची वाट मोकळी राहिली पाहिजे. रात्री झोपेत चार्जिंग नको, संध्याकाळी आल्यावर अर्धा-पाऊण तास पॅक थंड होऊ द्या आणि मग लावा. साडेचार तासांत भरणारा चार्जर साधारण 3.6 अँपिअर घेतो, हे इस्त्रीपेक्षाही कमी आहे. पण सलग चार तास घेतो, म्हणून ढिला सॉकेट तापतो. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा सॉकेट, एक्स्टेंशन नको, आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, गरम लागला तर सॉकेट बदला. रोज 80-90 ला थांबवा, एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण भरा. हा पॅक 18-20 किलोचा असतो, रोज दोन मजले चढवून बघा आणि मग ठरवा. सोसायटीला विचारताना लिहून द्या: तुमच्याच मीटरवरून 2.5 चौरस मिमी तांब्याची तीन कोअर केबल, 16 चा एमसीबी, खर्च तुमचा. असं लेखी गेलं की कमिटी सहसा अडवत नाही.

मल्टिमीटर लावू नका. 72 व्होल्टचा एनएमसी पॅक भरल्यावर 84 व्होल्टला जातो, आणि 60 च्या वरचा डीसी अंगाला धोक्याचा. त्यात प्रोब घसरून दोन पिना जुळल्या तर ठिणगी हातातच पडते. तसंही बऱ्याच पॅकमध्ये गाडीशी जोडल्याशिवाय पिनांवर वीज येतच नाही, मीटर शून्य दाखवेल आणि तुम्ही चांगला पॅक नाकाराल. युनिट मीटर आणि सर्व्हिस सेंटरचा रिपोर्ट, एवढ्यावरच भागवा. रविवारी किती युनिट गेले ते इथे टाका, आपण हिशेब करू.