कुत्र्याला स्वेटर विणणं – तुम्हाला काय वाटतं?

दोन सुया :
आमच्या सोसायटीच्या गेटवर मोती नावाचा म्हातारा कुत्रा असतो. जातिवंत वगैरे नाही, आपला गावठीच. मागच्या आठवड्यात पहाटे दूध आणायला खाली उतरले, तर मीटरच्या खोलीच्या दाराशी नाक शेपटीत खुपसून कुडकुडत पडला होता. नाशिकची डिसेंबरातली पहाट नाशिककरांना सांगायला नको. घरात नातवाच्या स्वेटरची उरलेली चार पदरी लोकर होती, विटकरी आणि राखाडी. तीन दिवसांत स्वेटर हातावेगळा केला. ८ नंबरच्या सुया, गळ्याला आणि कडेला दोन सुलट दोन उलट, बाकी एक ओळ सुलट एक ओळ उलट. वॉचमनने घातला, मोतीने घालू दिला.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि जाऊबाई तुटून पडल्या. "देवाने त्याला अंगभर केस दिलेत, तू कोण मध्येच? आणि एवढीच हौस असेल तर ऊसतोडवाल्यांच्या पोरांना विण." दुसऱ्या वाक्याचा राग आला, पहिल्याला उत्तर सुचलं नाही. तुमचं काय मत?

रानवारा :
जाऊबाईंचं बरोबर आहे. कुत्र्याच्या अंगाचं तापमानच मुळात ३८-३९ अंश असतं. आपल्याला वाजते तेवढी थंडी त्याला वाजत नाही. गावठी कुत्रा याच हवेत पिढ्यानपिढ्या वाढलाय. गुंडाळी करून नाक शेपटीत घालणं, हाच त्याचा स्वेटर. हे सगळं फोटोसाठी चालतं. लग्नात शेरवानी घातलेला पग पाहिलाय मी. बिचारा धापा टाकत होता आणि लोक सेल्फी काढत होते.

दोन सुया :
शेरवानीशी माझा काही संबंध नाही हो. आणि तो कुडकुडत होता. ते काय नाटक होतं?

निफाडचा नाना :
आमच्याकडे थंडी उतरली की द्राक्षबागेत पहाटे चारला उठून शेकोट्या पेटवतो. का, तर मण्यांना थंडी बाधू नये. द्राक्षाला शेकोटी चालते आणि कुत्र्याला स्वेटर चालत नाही, हा कुठला न्याय? वासराच्या पाठीवर गोणपाट तर आमचा आजाही बांधायचा. २०१९ साली अयोध्येच्या महापालिकेने गोशाळेतल्या गायींना तागाचे कोट शिवायचं ठरवलं, तेव्हा पारावर सगळे फिदीफिदी हसले. ताग म्हणजे गोणपाटच की!

टोचणारा :
मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टर नाही, पण टेबलावर कुत्रं धरून ठेवायचं काम गेली अकरा वर्षं करतोय.

आधी कोणाला नको ते. पॉमेरेनियन, लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की यांच्या वरच्या केसांखाली दाट मऊ लव असते. त्यांना आपल्याकडे स्वेटर घालणं म्हणजे रजईवर रजई. म्हातारी, हडकलेली, आखूड केसांची, ऑपरेशनसाठी केस काढलेली, खरजेने केस गेलेली कुत्री यांना थंडी खरंच बाधते. तीन-चार आठवड्यांखालच्या पिलांना तर अंग गरम ठेवणंच जमत नसतं, ती आईच्या कुशीवर जगतात. म्हाताऱ्या मोतीला ऊब लागते, यात मला शंका नाही.

माझं भांडण दुसरंच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याला स्वेटर घालायला दहा जण येतात. काढायला एकही नाही. एक कुत्री आली होती जानेवारीअखेर. स्वेटर डिसेंबरातला. अंगाने ती भरली होती, स्वेटर तेवढाच राहिला होता. पुढच्या पायांच्या काखेत लोकर रुतून जखम झालेली, कापून काढायला लागला, तर खाली गोचिडीच गोचिडी. दुपारी पारा २८ वर गेला तरी तो अंगावरच. ओला झाला तरी अंगावरच.

लोकर चावून गिळली तर त्याहून वाईट. धाग्याचं एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं त्याच्यावर चढत जातं. नाडी ओढल्यावर लेंगा कसा गोळा होतो, अगदी तसं. पोट उघडल्याशिवाय सुटका नाही.

रानवारा :
हेच तर मी म्हणत होतो!

टोचणारा :
नाही, तुम्ही थंडीच वाजत नाही म्हणत होता.

रानवारा :
बरं, तसं म्हणा. पण एक मुद्दा राहिला. कुत्रं बिथरलं की मानेवरचे, पाठीवरचे केस ताठ होतात. दुसऱ्या कुत्र्याला ती खूण पुरते, तो बाजूने निघून जातो. स्वेटरखाली ती दिसणार कशी? गल्लीतली भांडणं वाढतील.

टोरांटोची माई :
अहो, आमच्याकडे या विषयावर वादच होत नाही. शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड आहे घरी. अंगावर चरबी म्हणून नाही, कातडी कागदासारखी. उणे १५ ला पाच मिनिटं चालला की एकेक पाय उचलून माझ्याकडे बघत उभा राहतो.

पण विणणाऱ्यांनो, मी दोन स्वेटर विणून शिकले ते ऐका. बर्फात विणलेला स्वेटर कुचकामी. बर्फ त्याला बोरांएवढ्या गोळ्यांनी चिकटतो, घरात आल्यावर वितळतो आणि कुत्रं ओलंचिंब. बाहेर पाणी न धरणारा शिवलेला कोटच लागतो. विणलेला स्वेटर घरात, रात्री.

लातूरकडचा :
आमच्या घरी कारवान आहे. हे कुत्रंही तसंच, फासळ्या मोजून घ्या. बहिणीने हौसेने विणला होता. एका सकाळीत बाभळीच्या काट्यांनी त्याची जाळी झाली. वडील घोंगडीचा तुकडा टाकतात त्याला बसायला. धनगरी घोंगडी, चिंचोक्याची खळ दिलेली, खरबरीत. माणसाला टोचते, कुत्र्याला नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचं भलंच करायचं असेल तर पोत्यात वाळलेलं गवत भरा आणि वारा लागणार नाही अशा आडोशाला टाका. जुन्या चादरी नकोत, त्या ओल धरतात आणि वाळत नाहीत. ऊब खालून लागते, वरून नाही.

शालू उसवते :
मी जाऊबाईंच्या बाजूने, पण टोमणा म्हणून नाही, हिशेब म्हणून. आम्ही चौघीजणी सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणींच्या वॉर्डासाठी टोप्या विणतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची बरीच ऊब डोक्यावाटे जाते. एका टोपीला २५-३० ग्रॅम लोकर लागते. मोतीच्या आकाराच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम तरी गेली असेल. म्हणजे पाच टोप्या. "कुत्र्याला केला म्हणून बाळाचं काही कमी होत नाही" असं लोक म्हणतात. होतं. लोकर मोजकी, वेळ मोजका आणि आमच्या चौघींचीही मनगटं आता दुखायला लागलीत.

निफाडचा नाना :
शालूताई, या हिशेबाने मी चहा पण सोडायला पाहिजे.

शालू उसवते :
सोडा, दुधाचे पैसे टोप्यांना पाठवा.

दोन सुया :
शालू, तुझा हिशेब मला झोंबला, कारण तो बरोबर आहे. पण मोतीला मी रोज बघते गं. वॉर्डातलं बाळ मला दिसत नाही. हे काही फार थोर कारण नाही, माहीत आहे मला.

टोरांटोची माई :
ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर तेलात माखलेल्या छोट्या पेंग्विनांना विणलेले स्वेटर घालतात, ते वाचलं असेल. ऊब मिळते, शिवाय चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जात नाही. अंग धुवायला घेतलं की स्वेटर काढून टाकतात. टोचणारा म्हणतात तेच. कशासाठी घालतोय आणि कधी काढणार, हे आधी ठरलेलं असतं.

रानवारा :
मला अजून पटलेलं नाही. गवत भरलेलं पोतं पुरे आहे. दोन सुया, तुमच्या मोतीचा स्वेटर काढतं कोण?

दोन सुया :
वॉचमन. रात्री नऊला घालतो, सकाळी सातला काढून जिन्याखालच्या खिळ्याला अडकवतो. रविवारी त्याची सुट्टी, बदली माणूस कुत्र्याला भितो, म्हणून त्या दिवशी मी जाते. आज काखेत हात घालून बघितलं, लाली वगैरे काही नाही. मात्र पोटाखालचा भाग मी पाठीएवढाच लांब ठेवला होता. नर आहे हे डोक्यातच नाही आलं! पहिल्याच रात्री विजेच्या खांबापाशी स्वेटर ओला. आता खालचा भाग चार इंच उसवून बंद केलाय. ज्या कोणी विणणार असाल त्यांनी छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे घ्या, पाठ गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि नर असेल तर पोटाकडे हात आखडता घ्या.

लातूरकडचा, पोत्याचं ऐकलं. मोती पोत्यावर स्वेटर घालून झोपतो. रानवारा, आता काय म्हणाल?

रानवारा :
म्हणेन की पोत्यानेच काम झालं.

दोन सुया :
म्हणा! राखाडी लोकर थोडी उरली आहे, उसवलेली विटकरी पण. दोन टोप्या होतील. शालू, टाके किती घालतेस?

शालू उसवते :
८०. १० नंबरच्या सुया. उसवलेली धुऊन घे आधी, खांबापाशी काय झालं ते वाचलंय मी.