लिंकिंगची कारवाई गावातल्या कृषी केंद्रावरच का थांबते?

दारव्हा, कृषी केंद्र चालक

खरीप सुरू झाला की पेपरात बातमी येतेच: भरारी पथकाची धाड, युरियासोबत लिंकिंग, कृषी केंद्राचा परवाना निलंबित. त्याच पानावर आढावा बैठकीत पालकमंत्र्यांनी दिलेली तंबी. लिंकिंग म्हणजे अनुदानाचं खत पाहिजे असेल तर झिंक, सिलिकॉन, विद्राव्य खत नाहीतर द्रवरूप नॅनो खताची बाटली घ्यावीच लागेल, ही सक्ती. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ही जोडविक्री थांबवायला सांगितलं. पत्र योग्यच होतं. मात्र हात पडतो तो अजूनही गावातल्या दुकानावर, आणि सक्ती सुरू होते ती त्याच्या फार वर.

हिशेब मांडतो. युरियाची ४५ किलोची बॅग २६६ रुपये ५० पैशांना. वितरणाचं कमिशन २०१८ पासून टनाला ३५४ रुपये, म्हणजे बॅगमागे सोळा रुपयांच्या आत. दहा टनांच्या गाडीत २२२ बॅगा, माल ५९ हजारांचा, कमिशन ३,५४०. यातच हमाली, गोदामभाडं आणि पॉस मशीनवर (आधार घेऊन खतविक्री नोंदवणारं यंत्र) बसणाऱ्या मुलाचा पगार. कंपनीने खत दुकानापर्यंत पोचतं करायचं असतं, एफओआर म्हणतात त्याला. प्रत्यक्षात धामणगावच्या रॅकवरून, म्हणजे खताची मालगाडी उतरते तिथून, पुढचं गाडीभाडं बरेचदा दुकानदाराच्याच माथी बसतं. भाडं आणि चढवण्या-उतरवण्याची हमाली मिळून बॅगमागे सोळा रुपयांच्या वर गेली की छापील किमतीत विकणं तोट्याचं होतं.

आता लिंकिंग. घाऊक विक्रेत्याकडून फोनवर निरोप येतो: समजा, शंभर बॅगा पाहिजेत तर पंधरा हजारांचा दुसरा माल उचला. बिलं दोन निघतात, तारखा वेगळ्या पडतात, कागदावर सक्ती कुठेच दिसत नाही. तो माल शेतकऱ्याने मागितलेला नसतो. विकला नाही तर मुदत संपेपर्यंत पैसा अडकला. बॅगांवर वाटला तर बॅगमागे दीडशे रुपये, म्हणजे २६६ ची बॅग शेतकऱ्याला ४१६ ला पडली. पथक येतं तेव्हा काउंटरवर उभा असतो तो किरकोळ दुकानदार. निरोप देणारा कुठल्याच पंचनाम्यात नसतो. कारवाई रॅकपासून सुरू करा, एवढीच मागणी आहे.

कारंजा, कास्तकार

भाऊ, हिशेब बराबर हाय, पण अर्धाच सांगितला. लिंकिंगच्या मालावर दुकानदाराले मार्जिन भेटते, थे काहून नाही मांडलं? युरियावर सोळा रुपये, अन् ह्युमिक टॉनिकच्या डब्यावर छापील किंमत एक, खरेदीची दुसरीच. वरून कंपनीची स्कीम. टार्गेट पुरं झालं का सहल नाही तं बक्षीस. सगळा माल बळजबरीनं येत नाही, काही दुकानदार आवडीनंही मागवते.

अन् थो कोणाच्या गळ्यात पडते, थे पाहा. नगदी मोजणारा दहा एकरवाला म्हणते, फक्त युरिया दे, नाही तं दुसऱ्या दुकानात चाललो. त्याले भेटते. उधारीवाल्याले तोंड उघडता येत नाही. तीन लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तं व्याज लागत नाही, चांगली गोष्ट हाय. पण थे कर्ज मृगाच्या आंधी खात्यात पडलं पायजे. जून सरल्यावर पडलं तं तवापर्यंत बियाणं, डीएपी खत, तणनाशक सगळं दुकानदाराच्या वहीत मांडून झालेलं असते. त्या वहीत डबा मांडला का नाही, हे त्या माणसाले कापूस विकल्यावर हिशेबाले बसते तवा समजते. पक्कं बिल मांगितलं का म्हणते, मशीन बंद हाय.

वरच्यायवर कारवाई करा, माही हरकत नाही. पण खालच्याले सोडा म्हणसान तं आमी मानणार नाही.

अकोला, निवृत्त कृषी अधिकारी

बातमीत लिंकिंग छापून येतं, निलंबनाच्या आदेशात कारण पुष्कळदा वेगळं असतं. भाव आणि साठा दाखवणारा फलक लावलेला नाही, साठा रजिस्टर अपुरं आहे, विकत असलेल्या खताचं उगम प्रमाणपत्र (माल कुणाकडून आला याचा दाखला) परवान्यात समाविष्ट केलेलं नाही, किंवा पॉस मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळत नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे हे सगळं दुकानदाराचं कर्तव्य आहे आणि तपासणीत अर्ध्या तासात सिद्ध होतं. लिंकिंग सिद्ध करायला कुणीतरी जबाब द्यावा लागतो. शेतकरी देत नाही, कारण कपाशीला युरियाचा दुसरा हप्ता द्यायला त्याला त्याच दुकानात जायचं असतं. दुकानदार घाऊक विक्रेत्याविरुद्ध देत नाही, कारण पुढची रॅक लागायची असते.

साठ्यातल्या तफावतीबद्दल कृषी केंद्रवाल्यांनी स्वतःकडे पाहावं. मशीनमध्ये चाळीस टन आणि गोदाम रिकामं, याचा अर्थ खत आधारची नोंद न होता गेलं. ते वावरात गेलं की युरिया वापरणाऱ्या प्लायवूडच्या कारखान्यात, हे मग सांगता येत नाही. शिवाय मशीनमध्ये साठा दिसतोय तोवर तालुक्यात खत शिल्लक आहे असंच वर दिसतं आणि नवीन माल मागायला आधार उरत नाही. टंचाईचा एक भाग असा खालीच तयार होतो.

दारव्हा, कृषी केंद्र चालक

तफावत का होते तेही लिहायला हवं. कपाशीला युरियाचा पहिला हप्ता लागतो पेरणीनंतर महिन्याभराने. जुलैत पावसाने ताण दिला की कुणी खत टाकत नाही, आणि पाऊस पडला की पुढच्या तीन-चार दिवसांत अख्ख्या तालुक्याला युरिया एकदम हवा असतो. त्याच दिवसांत सर्व्हर मंदावतो. डवरणी-निंदणाने बोटं घासलेली असतात, अंगठा उमटत नाही. ओटीपी घ्यावा तर आधारला जोडलेला मोबाइल पोराजवळ, पोरगा पुण्याला. मागे रांग, वरून आभाळ. मग खत दिलं जातं आणि नोंद वहीत राहते.

खरी चूक पुढे होते. माणूस समोर नसताना मशीनवर विक्री चढत नाही, म्हणून ओळखीच्या दोन-चार अंगठ्यांवर साठा उतरवला जातो. मशीन सातबारा विचारत नाही, आधार असलेला कुणीही चालतो. महिन्याने जिल्ह्यातल्या मोठ्या खरेदीदारांची यादी निघते, तिच्यात एक एकरवाल्याच्या नावावर ढीगभर बॅगा दिसतात आणि चौकशी लागते. हे टाळायचं असेल तर रांगेच्या दिवशी दुसरं मशीन किंवा मोबाइलवरचं पॉस सुरू ठेवावं, आणि अंगठा न उमटणाऱ्यांनी पेरणीआधीच आधार अद्ययावत करून घ्यावा. तफावतीची जबाबदारी दुकानदाराची, मान्य. पण तिचा लिंकिंगशी संबंध नाही. एका गुन्ह्याची बातमी आणि दुसऱ्याची शिक्षा, असं चाललं तर लिंकिंग करायला लावणारा दरवर्षी निवांत सुटतो.

अमरावती, खत विक्री क्षेत्रातला

वरची बाजू मांडतो, समर्थन समजू नका. अनुदानाच्या खतात किंमत सरकारच्या हातात आणि अनुदान कंपनीला मिळतं दुकानातल्या पॉसवर विक्री नोंदल्यानंतर. नफा सुटतो बिनअनुदानाच्या मालावर, आणि जिल्ह्याच्या विक्री प्रतिनिधीचं टार्गेट त्याच मालाचं असतं. घाऊक विक्रेता एरवी ऐकत नाही. रॅक लागते त्या दोन दिवसांत ऐकतो. त्यामुळे दबाव तेव्हाच टाकला जातो.

रॅकवर पोलीस उभे करा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. पुरवठ्याचा आराखडा महिन्याचा असतो. महिन्याचा कोटा पूर्ण करूनही माल आठ दिवस उशिरा आणता येतो, आणि खरिपात आठ दिवसांना फार किंमत आहे. डीएपीचं तर अजून अवघड. चीनने निर्यात आवळली तेव्हा आयातच कमी होती. अशा वेळी माल कोणत्या जिल्ह्यात आधी जावा यात कंपनीच्या मर्जीला वाव राहतो. नुसत्या धाडींनी विदर्भातला माल दुसरीकडे वळेल.

दारव्हा, कृषी केंद्र चालक

धाडी नकोतच, कागद तपासा. कोणत्या दुकानाला किती अनुदानित खत गेलं हे सरकारच्या खत प्रणालीत गाडीगणिक नोंदलेलं आहे. त्याच घाऊक विक्रेत्याने त्याच दुकानाला झिंक, सल्फर, विद्राव्य खत किती विकलं हे जीएसटीच्या बिलांत आहे. युरिया पोचल्याच्या आगेमागे आठ दिवसांतली बिलं शेजारी ठेवा. चाळीस दुकानांना युरियाच्या टनामागे दुसऱ्या मालाचं प्रमाण सारखंच निघालं तर ती मागणी असूच शकत नाही. एका गावात तूर जास्त, दुसरीकडे संत्रा, तिसरीकडे नुसती कपाशी. सगळीकडे तेवढंच सिलिकॉन कसं लागेल? यात जबाबाची गरज पडत नाही.

अकोला, निवृत्त कृषी अधिकारी

कल्पना चांगली, पण जीएसटीची बिलं निरीक्षकाला बसल्या जागी दिसत नाहीत, तो विभाग वेगळा आहे. दुकानदारांकडे मात्र ती बिलं असतातच. तालुक्यातल्या वीस जणांनी प्रती एकत्र करून परवाना अधिकाऱ्याकडे दिल्या तर घाऊक विक्रेत्याला नोटीस काढायला आधार मिळेल. एकट्याने दिल्या तर त्याचा पुरवठा तुटेल, हेही खरं.

कारंजा, कास्तकार

मंग वीस जन जमा व्हा ना! सरकारनं निविष्ठांच्या, म्हंजे बियाणं-खत-औषधाच्या, कायद्याची पाच विधेयकं आणली, त्याच्या इरोधात नोव्हेंबर २०२३ मदी राज्यभर तीन दिवस कृषी केंद्रं बंद होती. झोपडपट्टीदादाच्या, म्हंजे गुंडायले खटल्याआंधीच आत टाकाच्या, कायद्यात दुकानदाराले घालू नका म्हून. थे बरोबर होतं, बोगस बियाण्यासाठी इकणाऱ्याले कंपनीच्या आंधी जेलात टाकणं आमालेही पटत नाही. तशीच एकी लिंकिंगचा माल न उचलाले दाखवा. एक तालुका, एक हंगाम. कास्तकार तुमच्या मांगं उभा राहीन.

अन् अजून एक. आमच्या इकडं दुकानदारच डॉक्टर हाय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. दोन-तीन औषधं अन् टॉनिक एकाच पंपात मिसळून मारा, हा सल्ला कास्तकाराले काउंटरवरच भेटते. लिंकिंगचं टॉनिक खपवाचं असलं का तसा सल्ला अजून वाढते. म्हून मी म्हणतो, हा फक्त दीडशे रुपयाचा प्रश्न नाही.

सेलू, शेतकरी उत्पादक कंपनी

मागणीची बाजूही बदलता येते. सोयाबीनच्या पेरणीला सगळे डीएपीच मागतात, म्हणून लिंकिंगला जोर मिळतो. डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगांत २४ किलो स्फुरद, आणि २० किलो युरियात ९ किलोच्या थोडं वर नत्र. हिशेब जुळला, आणि सुपर फॉस्फेटमधून साडेसोळा किलो गंधक वेगळं मिळालं. ते तेलबियांना लागतंच. मग गंधकाची वेगळी पिशवी कशाला घ्यायची?

करताना दोन गोष्टी बिघडतात. युरिया आणि सुपर फॉस्फेट रात्री मिसळून ठेवलं तर सकाळी ओलं होऊन गोळे होतात आणि पेरणीयंत्राच्या नळ्या तुंबतात. पेरणीच्या वेळी, लागेल तेवढंच मिसळावं. भुकटीपेक्षा दाणेदार घ्यावं. बियाणं आणि खत एका पेटीत टाकू नये.

नॅनो युरियाचं साधं गणित: ४ टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र २० ग्रॅम, युरियाच्या बॅगेत २० किलोच्या वर. पानांवर फवारणी म्हणून कुणाला हवी असेल त्याने खुशाल घ्यावी, पण बॅगेच्या बदल्यात म्हणून ती गळ्यात मारणं पटत नाही.

दारव्हा, कृषी केंद्र चालक

सुपर फॉस्फेट खपतं, पण एका बॅगेच्या जागी तीन बॅगा वावरापर्यंत न्याव्या लागतात, बैलगाडीवाला तयार होत नाही. आणि त्यातही बोगस माल येतो. हलका, मातकट दाणा आणि ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर घेऊच नये.

तालुक्यातल्या दुकानदारांच्या बैठकीत बिलांच्या प्रती गोळा करण्याचा विषय मांडतो. सगळे तयार होतील असं नाही. ज्यांच्याकडे घाऊकचाही परवाना आहे ते विरोध करतील. शेतकऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट हवी. पॉसची छापील पावती घेतल्याशिवाय बॅग उचलू नका. त्या पावतीवर बॅगेची किंमत आणि सरकारने भरलेलं अनुदान दोन्ही येतं. जोडीचा माल कच्च्या चिठ्ठीवर दिला तर ती चिठ्ठी फाडू नका, पावतीसोबत तिचा फोटो काढा. तारीख एकच असली की तक्रारीला तोच पुरावा.

कारंजा, कास्तकार

नगदीवाला हे करीन. उधारीवाला कसा करीन? त्याच्या हातात चिठ्ठीच नाही.

अकोला, निवृत्त कृषी अधिकारी

उधारीलाही बिल लागतंच. खत नियंत्रण आदेशात कॅश किंवा क्रेडिट मेमो, म्हणजे रोखीचं किंवा उधारीचं बिल, असं स्पष्ट आहे. माल उचलला त्याच दिवशी बिल फाडायचं, त्यावर प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत आणि खरेदीदाराची सही. वहीत फक्त बिल क्रमांक आणि रक्कम मांडायची.

दारव्हा, कृषी केंद्र चालक

हे मान्य. बैठकीत बिलांच्या प्रतींसोबत हेही घेतो. कारंजाच्या भाऊंनी त्या दिवशी चार कास्तकार घेऊन यावं, म्हणजे घाऊकवाल्यांसमोर दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतील.

कारंजा, कास्तकार

तारीख कळवा. पण पेरणीच्या आंधीची ठेवा.